बुरशीवाला फ्रीस

पाऊस जरा मुरला की कॉलेजच्या आवारात एक काम करा. वाळून पडलेली आंब्याची नाहीतर गुलमोहराची एखादी फांदी शोधा आणि नीट न्याहाळा. नखाहून थोडे मोठे, राखाडी-पांढरे, लवदार पंखे तिला दाटीवाटीने चिकटलेले दिसण्याची बरीच शक्यता आहे. त्यातला एक तोडून उलटा करा. देठाकडून कडेकडे पसरत गेलेल्या बारीक पट्ट्या दिसतील आणि प्रत्येक पट्टी मधोमध उभी चिरलेली असेल. हवा कोरडी पडली की पट्टीचे दोन्ही भाग वळून आतली बाजू झाकून घेतात, ओल मिळाली की पुन्हा उघडतात. कितीही वाळलेला वाटला तरी तुकडा पाण्यात टाकून बघा, मजा येईल.

या बुरशीचं नाव शायझोफायलम कॉम्यून. बॉटनीवाल्यांना माहीत असेलच की शास्त्रीय नावानंतर नाव देणाऱ्याचंही नाव लिहितात, बहुतेक वेळा थोडक्यात. इथे नुसतं ‘एफआर.’ असतं, म्हणजे एलियास माग्नुस फ्रीस. स्वीडनच्या या माणसाने हे नाव छापलं १८१५ साली. जन्म १७९४ चा, म्हणजे तेव्हा तो वीस-एकवीस वर्षांचा होता. तुमच्या टीवायच्या वर्गातल्या कुणाच्याही वयाचा! मी बावीसची आहे आणि माझ्या नावावर अजून या पुरवणीतल्या चार बायलाइन आहेत, तेव्हा हा हिशोब मी फार पुढे नेत नाही.

लिनियसचं नाव शाळेत सगळ्यांनी ऐकलंय. झाडं आणि प्राण्यांना दोन शब्दांची नावं द्यायची पद्धत ज्याने रुजवली तो. पण बुरशीपाशी आला की लिनियसचाही धीर सुटायचा. त्याच्या पुस्तकात बुरश्या थोडक्या पानांत उरकलेल्या आहेत. बुरशीचं ते राहिलेलं काम लिनियसच्याच स्मोलँड प्रांतातल्या, त्याच्याच वेक्शोच्या शाळेत पुढे शिकलेल्या या मुलाने अंगावर घेतलं.

फ्रीसचा जन्म फेम्शो नावाच्या खेड्यातला, १५ ऑगस्टचा. वडील तिथल्या चर्चचे पाद्री. आजूबाजूला जंगल, दलदल आणि तळी. मुलाला खेळायला बरोबरीचं फारसं कुणी नव्हतं, त्यामुळे झाडं-फुलं हाच त्याचा टाइमपास. वडिलांना वनस्पतींची आवड होती आणि त्याहून जास्त आवड लॅटिनची. मुलाशी ते लॅटिनमध्येच बोलायचे. आपल्याकडे इंग्लिश मीडियमचे आईवडील घरात इंग्लिश बोलतात, तसलाच प्रकार. फरक इतकाच की ती भाषा पुढे एलियासच्या रोजच्या कामाची झाली. तेव्हा वनस्पतिशास्त्र लॅटिनमध्येच लिहिलं जायचं.

१८०६ साली, म्हणजे एलियास बारा वर्षांचा असताना, तो आईबरोबर रानात स्ट्रॉबेऱ्या वेचायला गेला. जंगलाचा तो भाग पूर्वी जळून गेलेला होता. तिथे एका लाकडावर त्याला एक अचाट गोष्ट दिसली. पांढरीशुभ्र, फांद्या फांद्या फुटलेली, आणि प्रत्येक फांदीला खाली लोंबणारे मऊ काटे. समुद्रातलं पोवळं कुणीतरी आणून लाकडावर ठेवावं तशी. आकारानेही नेहमीपेक्षा खूप मोठी. ती हिड्नम कोरॅलॉइडिस नावाची बुरशी होती. नाव आधीच कुणी दिलेलं होतं, त्यामुळे शोध वगैरे काही लागला नव्हता. पण मुलगा तिथेच अडकला. पुढे म्हातारपणी आपल्या बुरशीच्या अभ्यासाची हकीकत लिहिताना फ्रीसने सुरुवात इथूनच केली आहे.

ही पांढरी बुरशी लक्षात ठेवा. फ्रीसच्या मरणानंतर शंभरेक वर्षांनी तीच त्याचा सगळा डाव विस्कटणार आहे.

त्यानंतर एलियास बुरशीच्या मागेच लागला. हाताशी नीट पुस्तक नाही, विचारायला माणूस नाही. मग त्याने काय केलं? दिसेल त्या बुरशीला स्वतःच तात्पुरतं नाव द्यायला सुरुवात केली. १८११ साली शाळा संपवून लुंड विद्यापीठात गेला तेव्हा तो तीन-चारशे प्रजाती ओळखत होता आणि त्यातल्या कित्येकांना त्याची घरगुती नावं होती. लुंडमध्ये त्याला रेट्सियुस आणि आगार्ड हे दोन चांगले शिक्षक मिळाले. मुख्य म्हणजे लायब्ररी मिळाली. पेर्सून नावाच्या अभ्यासकाने १८०१ मध्ये बुरश्यांची मोठी जंत्री छापली होती, ती हातात पडली. आपल्या फेम्शोच्या रानातल्या बुरश्या तो त्या पानांमध्ये शोधत बसला. काही सापडल्या, काही सापडल्याच नाहीत. ज्या सापडल्या नाहीत त्या जगाला नवीन होत्या.

हा पेर्सून कोण, तेही सांगते. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, आयुष्य पॅरिसमध्ये एकट्याने आणि हलाखीत काढलेलं. शेवटी त्याने आपला वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह हॉलंडच्या सरकारला दिला आणि बदल्यात पेन्शन घेतली. बुरशीत करिअर करणाऱ्यांची परिस्थिती तेव्हाही अशीच होती, इतकंच.

१८१४ मध्ये फ्रीस डॉक्टर झाला आणि लुंडमध्येच शिकवायला लागला. १८२१ मध्ये त्याच्या ‘सिस्टेमा मायकॉलॉजिकम’चा पहिला खंड आला. तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. तिसरा खंड पुरा व्हायला १८३२ उजाडलं. त्या काळी माहीत असलेल्या झाडून सगळ्या बुरश्या एका पद्धतीत बसवायचा हा घाट होता.

आता पद्धत कशी होती ते बघा, कारण खरी गंमत त्यात आहे. समजा तुमच्या हातात एक छत्री आहे, कुत्र्याची छत्री म्हणतो ती. तिच्या खालच्या बाजूवर बीजाणू तयार होतात. हे बीजाणू म्हणजे बुरशीच्या बिया समजा, फक्त धुळीहून बारीक. फ्रीसने विचारलं, ही बीजाणू देणारी बाजू दिसते कशी? तिथे पातळ पट्ट्या असतील तर एक गट, अगॅरिकस. बारीक बारीक छिद्रं असतील तर दुसरा, पॉलिपोरस. काटे असतील तर तिसरा, हिड्नम. आणि काहीच नसेल, नुसता सपाट पापुद्रा असेल, तर थेलेफोरा. पट्ट्यावाल्यांची संख्या प्रचंड, म्हणून त्यांची पुन्हा विभागणी बीजाणूंच्या रंगावरून: पांढरे, गुलाबी, तपकिरी, जांभळट, काळे. हा रंग तुम्हीही बघू शकता. छत्रीचं डोकं कागदावर उपडं ठेवून वर वाटी झाका, रात्रभर राहू द्या, सकाळी कागदावर ठसा उमटलेला असेल.

किती सोपं आहे बघा. डोळे हवेत, फार तर एक भिंग. जंगलात बसून काम होतं. म्हणूनच ही पद्धत युरोपभर पसरली. खेड्यातले पाद्री, डॉक्टर, शाळामास्तर, हौशी माणसं, सगळे फ्रीसच्या पद्धतीने बुरश्या ओळखायला लागले. नाहीतर तोवर बुरशी म्हणजे ओलाव्यातून आपोआप उगवणारी घाण, असाच बऱ्याच जणांचा समज होता.

पण फ्रीसच्या डोक्यात फक्त निरीक्षण नव्हतं. तो काळ जर्मन निसर्गतत्त्वज्ञानाचा होता आणि निसर्गात एक गुप्त आकडेमोड आहे, असं त्या मंडळींना वाटायचं. फ्रीसचा आकडा चार. त्याने बुरश्यांचे चार वर्ग केले, त्यांचे पुन्हा चार-चार गण केले. निसर्ग मात्र चारच्या पाढ्याने चालत नाही. ‘सिस्टेमा’तला हा भाग आज वाचला तर पत्रिका जुळवल्यासारखा वाटतो. गंमत अशी की आकड्यांचा हा डोलारा पडला, पण त्याखाली केलेली प्रत्येक प्रजातीची वर्णनं उभी राहिली. ती वर्णनं रानात फिरून केलेली होती.

नोकरीचं सांगायचं तर लुंडमध्ये त्याने वीस वर्षं घासली. प्रोफेसरची खरीखुरी खुर्ची मिळाली ती १८३४ मध्ये, उप्साला विद्यापीठात, म्हणजे थेट लिनियसच्या गावात. विषय होता व्यावहारिक अर्थव्यवस्था! शेती, लाकूड, वनस्पतींचे उपयोग, सगळं त्या नावाखाली यायचं. पुढे तो संसदेवर गेला, स्वीडिश अकादमीचा सदस्य झाला, बोटॅनिकल गार्डन सांभाळलं, शेवाळासारख्या दिसणाऱ्या दगडफुलावरही जाडजूड ग्रंथ लिहिला. मुलगा आणि नातूही वनस्पतिशास्त्रज्ञ निघाले. हे सगळं एका परिच्छेदात उरकते, कारण मला ज्या गोष्टीवर बोलायचंय ती वेगळी आहे.

ती म्हणजे मायक्रोस्कोप.

१८३७ मध्ये लेवेय्ये नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं की छत्रीच्या पट्टीवर गदेच्या आकाराच्या सूक्ष्म पेशी असतात आणि त्यांच्या टोकावर बीजाणू येतात, बहुधा चार. (चार! फ्रीसला खरं तर आनंद व्हायला हवा होता.) त्याच सुमाराला इतरांनाही हेच दिसलं. बुरश्यांच्या अभ्यासात हे नवं दारच उघडलं होतं. फ्रीस त्या दारातून आत गेला नाही. तेव्हा तो बेचाळीस-त्रेचाळीसचा, नाव गाजलेलं. त्याने आपली पद्धत डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरच ठेवली. वयाच्या ऐंशीच्या घरात, १८७४ मध्ये, त्याने युरोपातल्या बुरश्यांवर शेवटचा मोठा ग्रंथ काढला, तोही याच पद्धतीने. काही लेखक म्हणतात, त्या काळची भिंगं वाईट होती, त्याला दोष देऊ नका. मला ते पटत नाही. त्याच्या हयातीतच इतर लोक त्याच भिंगांमधून बघत होते आणि त्यांना दिसत होतं. आपण बांधलेलं घर मोडायची तयारी नव्हती, असंच मला वाटतं.

त्याचा परिणाम समजून घ्यायला एकच बुरशी पुरे. १८२१ मध्ये फ्रीसने पॉलिपोरस ॲनोससचं वर्णन केलं. ॲनोसस म्हणजे लॅटिनमध्ये पुष्कळ वर्षांचा, जुनाट. पाइन-स्प्रूसच्या बुंध्याशी, मुळांवर येणारी, वरून तपकिरी आणि खालून पांढरट छिद्रांची कडक बुरशी. फ्रीसच्या लेखी ती पॉलिपोरसच्या मोठ्या खोक्यातली आणखी एक. पुढे कळलं की ती उभी झाडं आतून कुजवते. जर्मनीत हार्टिगने १८७० च्या दशकात मुळं कुजण्यामागे तीच आहे हे दाखवलं. १८८८ मध्ये ब्रेफेल्डला मायक्रोस्कोपखाली तिचं दुसरंच रूप दिसलं, साध्या बुरशीसारखं पावडर सोडणारं, आणि त्याने तिला नवं जीनस दिलं, हेटेरोबॅसिडियॉन. आज युरोपच्या सूचिपर्णी जंगलांचं सर्वात जास्त नुकसान करणाऱ्या रोगांमध्ये तिचा नंबर वरचा आहे.

पण ही एकच बुरशी होती का? फिनलंडमध्ये कोऱ्होनेन नावाच्या संशोधकाने वेगवेगळ्या झाडांवरून तिचे नमुने आणून काचेच्या बशीत समोरासमोर वाढवले. काही एकमेकांत मिसळले, काहींनी साफ नकार दिला. पाइनवरची मंडळी वेगळी आणि स्प्रूसवरची वेगळी. हे १९७८ मध्ये. नंतर फर झाडावरचा तिसरा गट सापडला. डीएनएनेही तेच सांगितलं. १९९८ मध्ये या गटांना स्वतंत्र नावं मिळाली. आणि मग लोकांनी पुन्हा भिंग लावून पाहिलं तर स्प्रूसवाल्या बुरशीची छिद्रं खरोखरच बारीक होती! तिचं नावच पार्व्हिपोरम, बारीक छिद्रांची. म्हणजे फरक डोळ्यांसमोर होता, पण तो शोधायचा आहे हे आधी कळावं लागलं.

यापुढची गोष्ट तर सिनेमासारखी आहे. रोमजवळ कास्तेलपोर्झियानो नावाचं राखीव जंगल आहे. तिथले पाइन मरत होते. कारण हीच बुरशी. पण तिचा डीएनए तपासला तर तो युरोपातल्या नातेवाइकांशी जुळेना, तो जुळला उत्तर अमेरिकेतल्या बुरशीशी. अमेरिकेची बुरशी इटलीत कशी आली? १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकी सैन्याचा तळ याच जंगलात पडला होता. सैन्याबरोबर आलेल्या लाकडी सामानातून ती उतरली असावी, असा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१० मध्ये या अमेरिकी बुरशीलाही वेगळं नाव मिळालं, इर्रेग्युलारे. फ्रीसच्या एका नावाखाली अशी कुटुंबंच्या कुटुंबं राहत होती.

आणि हो, स्वीडनमध्ये आज झाड तोडलं की ताज्या बुंध्यावर या रोगाविरुद्ध एक दुसरी बुरशी फवारतात. ती आधी जागा बळकावते, मग रोगाची बुरशी आत शिरू शकत नाही. या राखणदार बुरशीचं नाव फ्लेबियॉप्सिस जायगँटिया. १८१५ मध्ये तिचं पहिलं वर्णन केलं होतं, ओळखा कुणी.

आता तुम्ही म्हणाल, आज नवी प्रजाती सापडली हे ठरवतात कसं? मशीनमध्ये तुकडा टाकला, नाव बाहेर आलं, असं नाही होत. सुरुवात अजूनही फ्रीससारखीच होते. लाकूड कोणत्या झाडाचं, झाड जिवंत की मेलेलं, बुरशीचा रंग, वास, जाडी, एका मिलिमीटरमध्ये किती छिद्रं. फोटो ताजेपणीच काढायचे, कारण वाळल्यावर रंग बदलतो. मग ब्लेडने अगदी पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली. कॉर्नर नावाच्या इंग्रजाने १९३२ मध्ये दाखवलं होतं की लाकडावरच्या या बुरश्या तीन प्रकारच्या तंतूंनी विणलेल्या असतात: वाढणारे, आधार देणारे आणि बांधून ठेवणारे. काहींत एकच प्रकार, काहींत दोन, काहींत तिन्ही. तंतूंच्या सांध्यावर बाकदार कडी आहे का, बीजाणू किती लांब, किती रुंद, आयोडीनच्या द्रावणात त्यांचा रंग बदलतो का, हे सगळं मोजून लिहायचं. एक बीजाणू मोजून भागत नाही, डझनावारी मोजावे लागतात. मान मोडते, असं हे काम करणारे सगळेच सांगतात.

त्यानंतर डीएनए. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो. त्यातला आयटीएस नावाचा छोटा पट्टा पीसीआरने वाढवून वाचायचा. बुरश्यांची ओळख पटवणारा अधिकृत बारकोड म्हणून २०१२ मध्ये हाच पट्टा ठरला. अक्षरांची ती ओळ जगभरच्या जाहीर साठ्याशी ताडून बघायची. जवळचं कुणी नाही मिळालं की हुरळून जायचं नाही. कदाचित तुमच्या तुकड्यात राहणाऱ्या दुसऱ्याच एखाद्या बुरशीचा डीएनए वाचला गेला असेल. आणि अगदी जवळचं मिळालं तरी खात्री नाही, कारण साठ्यात चुकीच्या नावाने टाकलेल्या ओळीही आहेत. म्हणून आणखी दोन-तीन जनुकं वाचायची, वंशवृक्ष काढायचा, आणि तो वृक्ष व मायक्रोस्कोप एकच गोष्ट सांगतायत का ते बघायचं. सांगत असतील तर वर्णन लिहा, नमुना संग्रहालयात ठेवा, नाव नोंदवा, नाव छापा. २०१२ पासून वर्णन इंग्लिशमध्ये चालतं, लॅटिनची सक्ती गेली. फ्रीसच्या वडिलांना हे आवडलं नसतं.

हा वंशवृक्ष आला आणि फ्रीसचे गट पत्त्यांसारखे पिसले गेले. कळलं असं की पट्ट्या, छिद्रं, काटे हे बुरश्यांनी वेगवेगळ्या वंशात, पुन्हा पुन्हा, स्वतंत्रपणे घडवलेत. पक्ष्याला पंख आणि वटवाघळालाही पंख, म्हणून ते भाऊ होत नाहीत, तसंच हे. आणि आता ती पांढरी पोवळ्यासारखी बुरशी आठवा, बारा वर्षांच्या एलियासची. तिला काटे, म्हणून फ्रीसच्या पद्धतीत ती हिड्नम. आज ती हेरिसियम कोरॅलॉइडिस आहे आणि तिचं नातं निघालं रसुलाशी, म्हणजे जमिनीवर उगवणाऱ्या, पट्ट्यावाल्या, लालभडक टोपीच्या छत्र्यांशी. फ्रीसच्या पुस्तकात रसुला कुठे आणि ही कुठे! रोगट पाइनवरची छिद्रांची हेटेरोबॅसिडियॉनही याच गणात येते. आणि खरी हिड्नम, जमिनीवरची काटेवाली, जाऊन बसली शँतरेल नावाच्या पिवळ्या छत्र्यांच्या घरात. ज्या बुरशीमुळे फ्रीस या वाटेला लागला, तिलाच त्याने चुकीच्या खोलीत ठेवलं होतं.

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात मराठीत एका अनुस्वाराचा फरक आहे. फ्रीसने आयुष्यभर पहिलं केलं, नंतरच्यांनी त्याला दुसरं केलं. तरी त्याची नावं टाकून देता आली नाहीत. उलट कित्येक दशकं बहुतेक बुरश्यांच्या नावांची कायदेशीर सुरुवात त्याच्या ‘सिस्टेमा’पासून, १ जानेवारी १८२१ पासून धरली जायची. १९८१ मध्ये सिडनीत भरलेल्या काँग्रेसमध्ये नियम बदलला आणि सुरुवात मागे लिनियसपर्यंत नेली, पण फ्रीसने आणि पेर्सूनने ज्या नावांवर शिक्का मारला होता त्यांना खास संरक्षण दिलं.

त्यात एक मोठी पंचाईत आहे. प्रत्येक नाव एका खऱ्या नमुन्याला बांधलेलं असावं लागतं. पुढे वाद झाला तर तो नमुना काढून बघायचा, हाच नियम. पण फ्रीसने मांसल छत्र्या फारशा जपल्याच नाहीत. त्या वाळवल्या की काळ्या पडतात, किडे लागतात. त्याऐवजी त्याने चित्रकारांकडून ताज्या बुरश्यांची रंगीत चित्रं काढून घेतली. ती चित्रं बघण्यासारखी आहेत, ओलसर टोपीवरची चमकसुद्धा दिसते. अनेक नावांसाठी आज ती चित्रंच पुरावा धरावी लागतात. आणि चित्रातून डीएनए निघत नाही. म्हणून अभ्यासक अजूनही फेम्शोला जातात, फ्रीसने लिहिलेल्या त्याच रानात, तसल्याच झाडाखाली तीच बुरशी पुन्हा शोधतात, आणि तिचा डीएनए जुन्या नावाला आधार म्हणून जोडतात. लाकडावरच्या कडक बुरश्यांचं नशीब त्या मानाने बरं. त्या मुळातच सुक्या, टिकतात. त्याचे काही नमुने उप्सालाच्या संग्रहालयात आहेत. इतक्या जुन्या तुकड्यांतला डीएनए तुटून तुटून बारीक झालेला असतो, पण कधीकधी वाचता येतो.

या नावांच्या घोळाचा तुमच्या-माझ्याशी काय संबंध? मेडिकलच्या दुकानात नाहीतर ऑनलाइन ‘रेशी’च्या कॅप्सूल बघा. बऱ्याचदा लेबलवर गॅनोडर्मा ल्युसिडम लिहिलेलं असतं. ही बुरशी मुळात १७८१ मध्ये इंग्लंडमधून वर्णन केलेली, फ्रीसने १८२१ मध्ये पॉलिपोरसमध्ये घातलेली. पुढे आशियातल्या तशाच चकचकीत, लाल-तपकिरी बुरशीलाही लोक बिनधास्त तेच नाव देत गेले. डीएनएने दाखवलं की चीनमधली औषधी लिंगझी ही वेगळीच प्रजाती आहे. मग ल्युसिडमवर म्हणून छापलेल्या अभ्यासांपैकी कोणता अभ्यास नेमका कोणत्या बुरशीवर झाला? लेबल वाचून ते कळत नाही.

आपल्या कोकणात फणसाच्या खोडावर येणाऱ्या कडक बुरशीला फणसोंबा म्हणतात आणि उगाळून औषध म्हणून लावतात. अशा तपकिरी, लाकडासारख्या बुरश्या पूर्वी सरसकट फेलिनस या एका जीनसमध्ये कोंबलेल्या असायच्या. आता त्या अनेक जीनसमध्ये वाटल्या गेल्यात आणि वाटणी अजून चालूच आहे. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर यांच्या नावाचं बुरश्यांचं हर्बेरियम आहे. अशा संग्रहातल्या पाकिटांवर बुरशीचं नाव, झाडाचं नाव, गाव आणि तारीख असते, आणि कित्येक नावांपुढे आजही ते ‘एफआर.’ असतं. जगात आजवर दीड लाखाच्या आसपास बुरश्यांना नावं मिळाली आहेत. एकूण असाव्यात बावीस ते अडतीस लाख, असा २०१७ मधला अंदाज आहे. सह्याद्रीत कुजणाऱ्या ओंडक्यांवर त्यातल्या किती बसल्या असतील, विचार करा.

शायझोफायलम कॉम्यूनचंही तसंच. २०१० मध्ये तिचा संपूर्ण जीनोम वाचून झाला. तिच्यात नर-मादी अशी दोनच गटांची भानगड नाही, वीस हजारांहून जास्त मेटिंग टाइप आहेत. म्हणजे समोर आलेला जवळपास कुणीही चालतो. फ्रीसने मात्र तिच्या नावात चिरलेली पट्टी टिपली आणि पुढे कॉम्यून जोडलं, म्हणजे सर्रास आढळणारी.

उप्सालात १८५९ मध्ये तो निवृत्त झाला, पण काम थांबलं नाही. चित्रांचे खंड निघत राहिले, १८७४ चा ग्रंथ आला, १८७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने परदेशी सदस्य म्हणून निवडलं. ८ फेब्रुवारी १८७८ ला तो गेला, त्र्याऐंशी वर्षांचा होऊन. चित्रांच्या मालिकेचे शेवटचे भाग तेव्हा छापायचे बाकी होते. ते १८८४ मध्ये पुरे झाले.